अंगणातली शाळा : डेलिया, दिला तर उरतो

बालदोस्तांनो,

गणपती गावाला गेले, पावसानंही आता उघडीप द्यायला सुरुवात केलीय. सोयाबीन काढणीला आलंय आणि दसऱ्याचे वेध लागलेत. म्हणजे आपल्या या शाळेत डेलियाचा तास भरवायची वेळ झाली! दरवर्षी या सुमारास तुमची पत्रं येतात. 'काका, आमच्याकडे डेलियाला नुसती पानंच येतात', 'काका, मोठं फूल कसं येतं?', 'काका, मागच्या वर्षीचे कंद सडले'. या सगळ्यांची उत्तरं आज देणार आहे. पण नुसती कृती सांगून नव्हे. आज एका मुलीची गोष्ट सांगतो, कृती तिच्यातच येईल.

ही मुलगी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात राहते. गेल्या श्रावणात तिचं पत्र आलं तेव्हा ती आठवीत होती. 'गोष्ट सांगा, पण नाव छापू नका' असं तिनं बजावलंय, म्हणून आपण तिला सेलूची मैत्रीण म्हणू या.

तिनं लिहिलं होतं : 'काका, आमच्या दारात आजोबांचा डेलिया होता. जांभळा, आणि प्रत्येक पाकळीचं टोक पांढरं. आजोबा रेल्वेत होते. नोकरीत असताना कुठूनसा त्यांनी तो आणला होता. फाल्गुनात आजोबा गेले. तेव्हा झाडावर फुलं होती. नंतर आई म्हणाली, कंद काढून ठेव, नाहीतर उन्हाळ्यात वाळतील. मी लगेच काढले, धुतले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटावर ठेवले. काल उघडून पाहिलं तर नुसता घाण वासाचा चिखल. एकही कंद उरला नाही. आता नर्सरीतून दुसरा आणला तर तो आजोबांचाच होईल का? आजी म्हणते, बरं झालं, पाणी तरी वाचलं.'

काय उत्तर द्यायचं सांगा? मी दोन दिवस ते पत्र तसंच टेबलावर ठेवलं. कारण खरं उत्तर 'नाही' असं होतं.

ते का, हे आधी समजून घेऊ. तुम्ही झेंडूचं बी पेरता, झेंडू येतो. थोडा लहान, थोडा मोठा, पण ओळखू येतो. डेलियाचं तसं नाही. प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रं असतात, तुमच्याआमच्यात त्यांचे दोन संच असतात, एक आईकडचा आणि एक बाबांकडचा. बागेतल्या डेलियात असे आठ संच असतात! आठ पत्त्यांचे जोड एकत्र पिसून वाटले, तर तोच डाव पुन्हा हाती येईल का? म्हणून डेलियाचं बी पेरलं की प्रत्येक रोप वेगळं निघतं. रंग वेगळा, उंची वेगळी, पाकळ्यांची ठेवण वेगळी. जगात डेलियाच्या हजारो जाती तयार झाल्या त्या यामुळेच. झारखंडमधल्या देवघरच्या रामकृष्ण मिशन विद्यापीठात स्वामी विनयानंद नावाचे एक संन्यासी होते. त्यांनी डेलियाच्या कितीतरी नव्या जाती तयार केल्या, त्या बियांच्या याच गमतीतून.

मग आवडलेला डेलिया जसाच्या तसा ठेवायचा कसा? त्याला दोनच वाटा. एक कंदाची आणि दुसरी छाट कलमाची. दोन्हींत नवं झाड जन्माला येत नाही, जुन्याच झाडाचा तुकडा पुढे वाढत राहतो. आजोबांच्या डेलियाचा तुकडा दहा घरी लावला, तर दहाही घरी तेच एक झाड असतं. आणि तो तुकडा कुठेच उरला नाही, तर ते झाड जगातूनच गेलं. नर्सरीत मिळेल तो त्याच्यासारखा दिसणारा, पण तो नव्हे.

हे सगळं मी तिला लिहिलं आणि शेवटी एक प्रश्न विचारला : 'आजोबांनी हा डेलिया कधी कुणाला दिला होता का? घरात सगळ्यांना विचार. विशेषतः आजीला.'

तिचं उत्तर आठ दिवसांत आलं. आजी आधी म्हणाली, 'मला काय माहीत? त्यांचं त्यांना ठाऊक.' मग रात्री भाकरी थापता थापता आपणहून बोलली, 'पूर्ण्याला दिला होता की एक गड्डा. त्यांच्या बरोबरीच्या गँगमनच्या बायकोला. न्हाणीच्या मागं लावला होता तिनं. पण त्याला लई वर्सं झाली.'

पूर्णा म्हणजे परभणीच्या पुढचं रेल्वे जंक्शन. पुढच्याच रविवारी बापलेक गाडीत बसून पूर्ण्याला गेले. न्हाणीच्या मागे, दगडांच्या उताराला, पावसानं माजलेल्या गवतात हातभर उंचीचं झाड उभं होतं. फूल नव्हतंच. डेलिया श्रावणात आपल्याकडे फुलत नाही. त्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, 'लेकरा, दर साली येतंय ते. न्हाणीचं पाणी जातंय, उतारानं निचरतंय. मी काईच करत न्हाई.'

उतार आणि निचरा, हे दोन शब्द लक्षात ठेवा. त्यांच्याकडे आपण परत येणार आहोत.

मैत्रिणीला वाटत होतं, झाड उपटून घेऊन जावं. पण मी तिला आधीच लिहिलं होतं, 'झाड सापडलं तर ते जागेवरून हलवू नकोस. शेंडे आण.' असं का? पावसाळ्यात वाढीला लागलेलं झाड उपटलं की बहुधा मरतं. शिवाय जी जागा त्याला इतकी वर्षं मानवली तीच मोडायची कशाला? तिनं हाताच्या बोटाएवढ्या, म्हणजे सात-आठ सेंटीमीटर लांबीच्या, कोवळ्या पण भरीव पाच फुटव्यांचे शेंडे घेतले. प्रत्येक काप पेराच्या लगेच खाली, धारदार ब्लेडनं बाबांनी घेतला. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून पोळीच्या डब्यात ठेवले. संध्याकाळी सेलूला उतरल्याबरोबर खालची पानं काढून, दोन-दोन पानं वर ठेवून, ओल्या वाळूच्या कुंडीत खोचले. कुंडी सावलीत ठेवली. रोज सकाळी पाण्याचा हलका शिडकावा.

पाचपैकी दोन कलमं कुजली, तिघांना मुळ्या फुटल्या. अठरा दिवस लागले. शेंड्याला नवं पान दिसलं की समजायचं, खाली मुळी धरली.

आता जरा ॲटलास काढा. खरंच काढा, मी थांबतो. परभणीवर बोट ठेवा. अक्षांश किती? उत्तर १९ अंशांच्या जरा पुढे. आता बोट त्याच रेषेवरून पश्चिमेकडे सरकवत चला. अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक महासागर ओलांडा. बोट येईल मेक्सिकोत, आणि राजधानी मेक्सिको सिटी त्या रेषेच्या अगदी जवळ सापडेल. डेलियाचं माहेर तेच! मेक्सिकोनं १९६३ साली डेलियाला आपलं राष्ट्रीय फूल ठरवलं.

मग एकाच अक्षांशावर असून हे फूल तिथे सुखात आणि आपल्याकडे नाजूक का? फरक उंचीचा आहे. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर, तर मेक्सिको सिटी सुमारे २,२४० मीटरवर. डेलियाचे रानटी भाऊबंद तिथल्या डोंगरउतारांवर वाढतात. दिवसा कोवळं ऊन, रात्री गारवा आणि उतारावरून निथळून जाणारं पाणी. परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो, तिथे डेलिया कसा टिकणार? पण आपल्याकडचा हिवाळा आठवा. परभणीच्या थंडीत पारा कधीकधी एक आकडी होतो, दिवसा मात्र छान ऊन असतं. म्हणजे मेक्सिकोच्या डोंगरातली हवा चार महिन्यांसाठी आपल्या दारात पाहुणी येते. म्हणून आपण डेलिया सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लावायचा आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फुलं घ्यायची.

नावाचीही एक गंमत. १७९१ साली स्पेनमधल्या माद्रिदच्या राजोद्यानात कावानिल्येस नावाच्या शास्त्रज्ञानं या फुलाला 'डेलिया' नाव दिलं ते स्वीडनच्या आंद्रेस दाल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ. दाल हा थोर लिनियसचा शिष्य. पण तो १७८९ मध्येच वारला होता, आपल्या नावाचं फूल असणार हे त्याला कळलंही नाही. पुढे बर्लिनच्या विल्डेनोव या शास्त्रज्ञानं त्याला वेगळंच नाव दिलं, गिऑर्गी या दुसऱ्या अभ्यासकावरून. शास्त्रीय नाव अखेर 'डेलिया'च राहिलं, पण रशियात त्याला आजही 'गिओर्गिन' म्हणतात आणि जर्मनीतही ते जुनं नाव कानावर पडतं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी माहीत ठेवायला हवं, नाही का?

आता आजीच्या गणिताकडे वळू. तिसऱ्या पत्रात मैत्रिणीनं लिहिलं, 'आजी म्हणते, माणसाला पियाला पाणी नाही अन् तू फुलाला घालायलीस का? तिला काय सांगू?'

मित्रांनो, मराठवाड्यातल्या आजीचा हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. जिनं डोक्यावर हंडे वाहिले तिलाच पाण्याची किंमत ठाऊक. अशा प्रश्नाला हिशेबानंच उत्तर द्यायचं. एका झाडाला दर तीन दिवसांनी दोन लिटर धरू. चार महिने म्हणजे १२० दिवस, म्हणजे ४० पाळ्या, म्हणजे ८० लिटर. साधारण पाच-सहा घागरी, साऱ्या मोसमात. तेही भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी चालतं, फक्त साबणाचं आणि मिठाचं नको. बुंध्याशी वाळलेला पाला पसरला तर आणखी कमी लागतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, एप्रिल-मे महिन्यात, गावात टँकर येतो तेव्हा डेलिया झोपलेला असतो. तेव्हा त्याला घागरभर पाणी लागत नाही. गुलाबाला, मोगऱ्याला उन्हाळ्यात पाणी हवंच. डेलिया मात्र टंचाईच्या दिवसांत अंगणातून उठून कोनाड्यात जाऊन बसतो.

मैत्रिणीनं हा हिशेब आजीला वाचून दाखवला. आजीनं बोटांवर घागरी मोजल्या आणि म्हणाली, 'तांदळाचं पाणी घाल. हंड्याला हात लावू नको.' झालं! परवानगी मिळाली.

आता लागवड. इथे सगळे जण नीट लक्ष द्या.

परभणी भागातली जमीन काळी, कसदार. कापसाला उत्तम, ज्वारीला उत्तम, पण डेलियाच्या कंदाला घातकी. ती पाणी धरून ठेवते आणि कंद सडतो. म्हणून सपाट जमिनीत खड्डा करून लावू नका. वीतभर उंच गादीवाफा करा. जमीन फूटभर खोल खणा आणि भरपूर कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत मिसळा. नुसती वाळू ओतू नका. थोड्या वाळूनं काळी माती भुसभुशीत होत नाही, उलट घट्ट बसते. कुंडी असेल तर दोन भाग पोयटा, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू. कुंडी निदान दहा-बारा इंची हवी आणि तळाला भोक. पूर्ण्याच्या न्हाणीमागचा उतार आठवला ना? तुमचा गादीवाफा म्हणजे तोच उतार.

जागा निवडा ती सहा तास ऊन मिळणारी. वाटेच्या कडेला रांग लावायची असेल तर ठेंगण्या जाती घ्या आणि दोन रोपांत फूट-सव्वा फूट अंतर ठेवा. उंच जातींना दोन ते अडीच फूट. उंच जाती मागे, ठेंगण्या पुढे, नाहीतर मागच्यांचं तोंडच दिसणार नाही. वर्गात बसवतात ना, तसं.

कंद लावणार असाल तर एक परीक्षा घ्या. बटाट्याला अंगभर डोळे असतात, कारण बटाटा हे खोड आहे. डेलियाचा कंद म्हणजे रताळ्यासारखं फुगलेलं मूळ, आणि त्याच्या अंगावर डोळा नसतो. डोळा असतो तो वर, जुन्या खोडाला कंद चिकटतो त्या मानेपाशी. गड्ड्यातून कंद मोडून घेतला आणि मानेचा तुकडा मागेच राहिला, तर तो कंद मातीत नुसता पडून राहील, अंकुर कधीच येणार नाही. म्हणून गड्डा कापताना प्रत्येक कंदाबरोबर खोडाचा डोळा असलेला भाग आलाच पाहिजे. कापलेल्या जागेला राख लावा, एक दिवस सुकू द्या, मग चार-पाच इंच खोल आडवा लावा. माती नुसती ओलसर हवी. अंकुर वर येईपर्यंत पाणी ओतत बसू नका.

आणि आधाराची काठी लावायची ती कंद लावतानाच! हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलोय. लहानपणी मी झाड कमरेएवढं झाल्यावर काठी ठोकली, ती नेमकी कंदातून आरपार गेली. चार दिवसांत झाड माना टाकून मोकळं. तुमच्याकडे काठ्यांचा काय तोटा? तुरीची काढणी झाली की तुऱ्हाट्या असतातच. मागच्या वर्षीची जाडशी तुऱ्हाटी घ्या. सुतळीनं बांधताना आठाच्या आकड्यासारखी बांधा, एका घरात काठी, दुसऱ्या घरात खोड.

आता सगळ्यांत अवघड काम. झाड वीत-दीड वीत झालं, पानांच्या चार जोड्या आल्या की त्याचा शेंडा खुडायचा. बऱ्याच मुलांचा इथे हात थरथरतो. मैत्रिणीनंही लिहिलं, 'काका, एवढ्या मुश्किलीनं आणलंय, अन् तुम्ही तोडायला सांगता?' मी तिला विचारलं, तुमच्या शेतात हरभऱ्याचे शेंडे खुडता ना? त्याची भाजी खाता ना? शेंडा खुडला की हरभऱ्याला बाजूनं फुटवे येतात आणि घाटे वाढतात. डेलियाचंही तेच. शेंडा असेपर्यंत तो बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा गेला की ते सगळे जागे होतात. एका फांदीच्या सहा फांद्या, आणि सहापट फुलं.

पुढे कळ्या येतात त्या बहुतेक तीन-तीनच्या झुबक्यात. अंगण फुलांनी भरलेलं हवं असेल तर तिन्ही राहू द्या. फुलदाणीसाठी एकच मोठं, लांब दांड्याचं फूल हवं असेल तर मधली कळी ठेवा आणि बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच काढा. प्रदर्शनातली ताटाएवढी फुलं अशीच येतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, तिकडे कधी गेलात तर डेलियाच्या दांड्यांवर बाजूच्या कळ्या काढल्याच्या खुणा शोधा.

खताचा मोह आवरा. ज्यांच्याकडे 'नुसती पानंच येतात' त्यांनी बहुधा युरियाची मूठ टाकलेली असते, नाहीतर झाड सावलीत असतं. कळ्या धरायच्या वेळी करडईची किंवा शेंगदाण्याची पेंड चार-पाच दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी दहापट पातळ करून पंधरा दिवसांतून एकदा घाला. तेवढं पुरे. करडई आणि डेलिया हे एकाच कुळातले, बरं का! सूर्यफूल, शेवंती, झेंडू, आणि तुमच्या रस्त्याकडेचं ते खोडकर गाजरगवतसुद्धा याच कुळातलं. या कुळातलं एक 'फूल' म्हणजे खरं तर शेकडो बारीक फुलांचं गाव असतं. डेलियाची जी पाकळी तुम्ही मोजता, ती एकेक पाकळी म्हणजे एकेक फूल! ज्याला शोभेचा, म्हणजे 'डेकोरेटिव्ह' डेलिया म्हणतात, त्यात सगळी फुलं रुंद, चपट्या पाकळ्यांची असतात आणि मधली पिवळी चकती दिसत नाही. भिंग घेऊन बघा.

मावा दिसला तर लगेच पाण्याच्या फवाऱ्यानं झाडा, किंवा पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळ्यांची पूड, रात्रभर भिजवून गाळून. माव्याची भीती अशासाठी की तो विषाणू पसरवतो. भेंडीवरचा केवडा रोग तुम्ही पाहिलाय, पानांच्या शिरा पिवळ्याधमक होतात. तो पसरवते पांढरी माशी. त्याला दाद न देणारी 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात परभणीच्याच कृषी विद्यापीठातली. डेलियाचाही असाच मोझॅक रोग आहे. पानांवर पिवळट चट्टे, शिरांच्या कडेनं फिकट पट्टे, झाड खुजं. त्याच्यावर औषध नाही, आणि तो कंदातून, कलमातून पुढे जातो. असं झाड उपटून टाका आणि त्याचा कंद कुणालाही देऊ नका.

आता गोष्टीकडे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मैत्रिणीची पहिली कळी उमलली. आणि तिचं अगदी दोन ओळींचं पत्र आलं : 'काका, फूल जांभळं आहे, पण टोकं पांढरी नाहीत. हा आजोबांचा नाही.'

मला वाईट वाटलं. पण मी लगेच लिहिलं, 'थांब. दुरंगी डेलिया असाच लहरी असतो. त्याच झाडावर एखादं फूल दुरंगी, एखादं अर्धं, एखादं नुसतं एकरंगी येतं. निदान पाच फुलं बघ, मग ठरव.'

दुसरंही नुसतं जांभळं आलं. तिसऱ्याच्या चार पाकळ्यांना पांढरी किनार होती. ती आजीला हाक मारून बाहेर घेऊन आली. आजी वाकली, बघितलं, आणि काही बोलली नाही. फेब्रुवारी लागला, परभणीत उरुसाची गडबड सुरू झाली, तेव्हा पाचवं फूल उमललं. सगळ्या पाकळ्यांची टोकं पांढरीशुभ्र. ते आजीनंच तोडायला सांगितलं, आजोबांच्या फोटोसमोर ठेवायला.

तोडताना तिनं आपल्या शाळेचे नियम पाळले. गुलाबाची कळी पाण्यात उमलते, डेलियाची उमलत नाही, म्हणून जवळजवळ पूर्ण उमललेलं आणि मागच्या पाकळ्या अजून टवटवीत असलेलं फूल घ्यायचं. वेळ पहाटेची. दांड्याची खालची पानं काढायची. मग आईला सांगून भांड्यात बोट घालवणार नाही इतकं गरम पाणी घ्यायचं, त्यात दांड्याची खालची दोन इंच टोकं बुडवून ते पाणी गार होईपर्यंत, साधारण तासभर, तसंच ठेवायचं. मग साध्या पाण्यात. रोज पाणी बदललं की फूल चार-पाच दिवस टिकतं. उकळत्या पाण्याशी एकट्यानं खेळू नका, हे सांगायला नकोच. झाडावर सुकलेली फुलं मात्र काढत राहा, नाहीतर झाड बी धरायला लागतं आणि नव्या कळ्या थांबतात. कळी कोणती आणि सुकलेलं फूल कोणतं, ओळखा बरं? कळी चपटी-गोल, बटणासारखी. सुकलेलं फूल टोकदार, भोवऱ्यासारखं.

आणि उन्हाळा? या वेळी चूक झाली नाही. मार्चमध्ये पानं पिवळी पडेपर्यंत ती थांबली, कारण हिरव्या झाडाचा कंद कच्चा, पाणीदार असतो. मागच्या वर्षी तो सडला त्याचं एक कारण हे आणि दुसरं कारण ओल्या कंदांना घट्ट बांधलेली पिशवी. पाणी बंद केलं, खोड वीतभर ठेवून कापलं आणि आठवड्यानं बाजूनं, लांबून खणून गड्डा अलगद उचलला. पोकळ खोडात पाणी राहतं, म्हणून तीन दिवस सावलीत उलटा ठेवला. मग मातीच्या मडक्यात कोरड्या वाळूचा थर, त्यावर गड्डा, वर पुन्हा वाळू आणि मूठभर कडुनिंबाचा वाळलेला पाला. आजी म्हणाली, 'बळदात ठेव.' जुन्या माळवदाच्या घरात भिंतीतलं धान्याचं बळद असतं ना, ते. भर उन्हाळ्यातही ती जागा घरात सर्वांत गार. महिन्यातून एकदा उघडून बघायचं. कंद सुरकुतला असेल तर वाळूवर फुलपात्राच्या चौथाईएवढं पाणी शिंपडायचं, कुठे मऊ लागला तर तेवढा कापून फेकायचा.

परवाच तिचं पत्र आलंय. सात कंदांपैकी दोन वाळले, एकाला डोळाच नव्हता, चार चांगले निघाले. चार कंद! तिनं विचारलंय, 'चारही आमच्याच दारात लावू का?'

तुम्ही काय सांगाल? मी तिला फार काही लिहिलं नाही. फक्त एवढंच लिहिलं, की तुझ्या आजोबांनी सगळा गड्डा स्वतःकडेच ठेवला असता, तर तो त्या पिशवीतच संपला असता. त्यांनी एक तुकडा दिला, म्हणून तुला परत मिळाला. आजीला विचार, या वेळी कुणाकुणाला द्यायचे.

आजीनं ठरवलंय : एक मानवतच्या आत्याला, एक शाळेत, एक शेजारी, एक घरी. आणि कुणाला दिला ते वहीत लिहून ठेवायचं, म्हणजे पुन्हा शोधाशोध नको.

तर दोस्तांनो, या आठवड्याचा अभ्यास. गादीवाफा तयार करा. कंद किंवा कलम मिळवा, शक्यतो ओळखीच्या घरातून, मागून. देणाऱ्याचं नाव वहीत पहिल्या ओळीवर लिहा. दुसरी ओळ रिकामी सोडा, मार्चनंतर तुम्ही ज्याला द्याल त्याच्यासाठी. जानेवारीत पहिलं फूल आलं की मला कळवा, रंग कोणता ते सांगायला विसरू नका.

पुढच्या आठवड्यात शेवंतीच्या घरी जाऊ.

तुमचा,
माळीकाका